म्याडमचं टेकाड

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला तर मी शेजारच्या सुनेच्या डोहाळ्यांपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगते. हे सांगायला तोंड उघडलं की विषय आपोआप भाजीवर जायचा. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नाही, हेही खरं नाही. सांगते आहे, कारण मी ठरवलं आहे. आणि मी एकदा ठरवलं की मागे फिरत नाही, हे आमच्या विभागातला शिपाईसुद्धा तुम्हाला सांगेल.

मी समाजशास्त्र शिकवते. निवृत्ती जवळ आली आहे. निरोपाच्या कार्यक्रमात कोण काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे — मॅडम कडक, पण मनानं मायाळू. मॅडमनी खेड्यापाड्यातल्या मुलींना उभं केलं. टाळ्या. शाल. नारळ. मी मान खाली घालून बसेन आणि लोकांना तो विनय वाटेल.

माझ्या वस्तीतली पीएचडी झालेली मी पहिली. माझे मार्गदर्शक सर मला समोरच्या लाकडी खुर्चीत बसवायचे आणि माझं प्रकरण मलाच मोठ्यानं वाचायला लावायचे. कुठं चुकलं की फक्त चष्म्यावरून बघायचे. त्यांच्यासमोरून उठून पळायची मला सोय नव्हती. आणि माझ्यासमोरून उठून जायची त्यांनाही नव्हती — हे दुसरं मात्र मला फार उशिरा कळलं.

टाळेबंदी उठता उठता रेखा माझ्याकडे संशोधनाला आली. सासर देवगाव रंगारीचं, माहेर बिडकीनजवळचं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. बिडकीनला कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या, त्यात चराई गेली, मग मेंढरं विकली, आणि तिची आई त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये फरशी पुसायला लागली. रेखाला यावरच काम करायचं होतं. गायरान गेल्यावर तिथल्या बायकांचं काय झालं? विषय मला इतका आवडला की पहिल्याच भेटीत मी तिला चहा पाजला. मी विद्यार्थ्यांना चहा पाजत नसते.

तेव्हा सगळंच ऑनलाइन होतं, आणि नंतर बाकीचं जागेवर आलं तरी मार्गदर्शन तसंच राहिलं. सोयीचं होतं ना. तिला दोन बस बदलून यायला नको, मला विभागात थांबायला नको. शनिवारी दुपारी जेवण झालं की मी सिडकोतल्या घरी टेबलापाशी बसायची. मागे भिंतीवर कॅलेंडर, वर पंखा. रेखा फोनवर दिसायची — डोक्यावर पदर, मांडीवर वही, मागे कोंबड्या. पहिलं वाक्य ठरलेलं, “म्याडम, आवाज येतो का?” मी म्हणायची, येतो गं, बोल. पहिलं वर्ष मी तिचं अक्षर न् अक्षर वाचलं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. उलट — मला काय करायला हवं ते मला येत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

मग मी विभागप्रमुख झाले. बाहेरून तपासणी समिती येणार होती, फायलींचे ढीग, ज्याला त्याला माझी सही हवी. रेखाचं दुसरं प्रकरण आलं. मोठं होतं. उद्या वाचू म्हटलं. पुढच्या आठवड्यात वाचू म्हटलं. तपासणी समिती आली, गेली, आम्ही पेढे वाटले. प्रकरण तिथंच. मग शनिवार आला, आणि तिनं विचारलं, “म्याडम, दुसरं प्रकरण बघितलं का?”

आता ते वाक्य लिहायचं आहे. चहा करून येऊ का आधी? नको. उठले तर परत बसणार नाही.

मी म्हणाले, “हॅलो? रेखा? तुझा आवाज तुटतोय गं.”

तुटत नव्हता. तिचा आवाज इतका स्वच्छ येत होता की मागे सासू कोंबड्यांना हाकलत होती तेही मला ऐकू येत होतं. रेखा म्हणाली, आता येतो का? आता? मी हॅलो हॅलो करत राहिले आणि फोन बंद केला. मग मी काय केलं माहीत आहे? बहिणीला फोन लावला आणि निवांत गप्पा मारल्या. तेवढ्या वेळात ते प्रकरण अर्धं वाचून झालं असतं.

एकदाच घडलं असतं तर मी ते विसरलेही असते, खरं सांगते. पण पुढच्या शनिवारी परत तेच. आणि मग मला ते जमायला लागलं. नुसतं हॅलो हॅलो नाही, त्याहून पुढचं. नेट गेलं की समोरच्याचं चित्र कसं जागच्या जागी थिजतं, पाहिलं आहे ना तुम्ही? तोंड अर्धं उघडं, हात हवेत. मी ते करायला शिकले. रेखा प्रकरणाबद्दल विचारू लागली की मी बोलता बोलता मध्येच थांबायची — डोळे न मिटता, श्वास रोखून, एक हात तसाच वर. ती हाका मारायची. “म्याडम? म्याडम, दिसंना झालंय. थांबल्यात तुम्ही.” मी तशीच. मग हळूच खालच्या हातानं फोन कापायची.

पन्नाशी उलटलेली बाई. विभागप्रमुख. शनिवारी दुपारी आपल्या घरात पुतळा होऊन बसलेली. नवरा एकदा दारातून बघून गेला. काय गं, पाठीत उसण भरली का, म्हणाला.

सांगायचं होतं ना तिला — रेखा, वाचलं नाही, आठ दिवस दे. एवढंच. ती काय म्हणाली असती? चालतंय म्याडम, म्हणाली असती. मग का नाही सांगितलं? कामाचा बोजा होता म्हणू? बोजा सगळ्यांनाच असतो. लाज वाटत होती म्हणू? लाज वाटणारं माणूस असं करत नाही. त्या मुलीसमोर मी चुकलेली दिसायला नको होते, बस. तिच्या नजरेत मी फार मोठी होते आणि मला तिथून खाली उतरायचं नव्हतं. त्यासाठी मी तिला खाली ढकललं.

कारण तिला वाटलं दोष तिच्या गावाचा. आधी ती घरातून अंगणात आली. मग शेजाऱ्यांच्या गच्चीवर. तिनं सिमकार्ड बदललं. मग एका शनिवारी मागे ना कोंबड्या ना भिंत, नुसतं आभाळ दिसलं. धाप लागली होती तिला. म्हणाली, “म्याडम, गावाबाहेरच्या टेकाडावर आलेय. हितं टावर समोरच दिसतोय. आता काय अडचण नाय.” चेहऱ्यावर असा आनंद की मी दोन वाक्यं नीट बोलले. मग तिनं प्रकरणाचं नाव काढलं आणि मी थिजले.

ती प्रत्यक्ष यायला तयार होती, तेही सांगते. दोनदा-तीनदा म्हणाली, मी येऊ का म्याडम विभागात? मी म्हटलं, कशाला एवढा त्रास, घरी लेकरू लहान आहे तुझं, ऑनलाइन बोलू की. मायेनं म्हटलं. ऐकणाऱ्याचा जीव भरून यावा असं. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचा आवाज तुटत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

मग प्रगती आढाव्याची बैठक आली. दर सहा महिन्यांनी होते — विद्यार्थ्यानं संशोधन समितीसमोर काम मांडायचं, मार्गदर्शकानं शेजारी बसायचं. त्याआधीच्या बैठका मी कशाबशा निभावून नेल्या होत्या. या वेळी मुदतवाढीचा प्रश्न होता. माझा शेरा नसलेलं प्रकरण समिती विचारात घेत नाही, आणि दुसऱ्या प्रकरणावर माझा शेरा नव्हता. रेखा पहाटेच निघाली असणार, साडीला नीट इस्त्री होती. अध्यक्षांनी तिला विचारलं, एवढ्या काळात एकच प्रकरण? आणि मग माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. तिची नोंदणी, तिची इतकी वर्षं, सगळं. मी म्हणाले, “सर, यांच्या गावात नेटवर्कची फार अडचण आहे. मी दर शनिवारी वेळ देत होते, पण संपर्कच होत नाही.”

कुणीतरी हसून म्हणालं, संसार आणि संशोधन दोन्ही कसं जमणार बायकांना. मी बाई असून गप्प बसले. अध्यक्षांनी रेखाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं तिनं. चांगलं भरपूर बघितलं. मग म्हणाली, “नाय सर. म्याडम बसायच्या दर शनिवारी.”

मुदतवाढ मिळाली नाही. मार्गदर्शकाशी नियमित संपर्क नाही, असं कारण नोंदवलं गेलं. थोड्याच दिवसांत तिची नोंदणी रद्द झाली. तिनं मला फोन केला नाही आणि मीही तिला केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण हे मी स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं. सुटल्यासारखंच वाटलं. शनिवारची दुपार मोकळी झाली होती.

गेल्या महिन्यात निवृत्तीची आवराआवर म्हणून मी विभागातला संगणक रिकामा करत होते. रेखाचं दुसरं प्रकरण दिसलं. पुसून टाकायला हात गेला होता. मग उघडलं. संध्याकाळी शिपाई दार लावायला आला तरी मी वाचतच होते.

त्यात एक बाई होती. कँटीनची फरशी पुसता पुसता ती रेखाला म्हणते, या टेबलाखाली आमची पाण्याची कुंडी होती, इथं मेंढरं पाणी प्यायची, मी अजून ही जागा पुसताना फडकं जरा हळू फिरवते. रेखानं ही बाई आपली आई आहे असं कुठंही लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं म्हणून कळलं. सगळं प्रकरण असं — कुणाची कीव नाही, कुठं आरडाओरडा नाही. कच्चं होतं काही ठिकाणी. पण असं काम माझ्या हाताखालून दुसरं गेलेलं नाही. आणि समासात जागोजागी पिवळ्या रंगात तिचे प्रश्न. म्याडम, इथं चुकतंय का? म्याडम, हे लिहू का नको? इतक्या वर्षांनी मी ते पहिल्यांदा बघत होते.

त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी ठरवलं. समितीच्या अध्यक्षांना फोन केला. पुढच्या बैठकीत मला वेळ हवा, त्या निर्णयाच्या वेळी मी खोटं बोलले होते, ते मला नोंदवायचं आहे. ते आधी हसले. मग म्हणाले, मॅडम, जाता जाता कशाला ही उठाठेव? त्या बाईलाही आता उपयोग नाही, नियमात बसणार नाही. मी म्हटलं, बसू नका देऊ नियमात, पण ज्या खोलीत मी खोटं बोलले त्याच खोलीत खरं बोलणार आहे. लेखी देणार आहे. येत्या सोमवारी ती बैठक आहे. निरोपाचा कार्यक्रम त्यानंतर आहे, झाला तर. शाल नाही मिळाली तरी चालेल, घरी पुष्कळ आहेत.

पण त्याआधी मी देवगावला जाऊन आले. ते सांगायचं राहिलं.

फोन न करता गेले. घर शोधलं. दारात तिची सासू शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, मी विद्यापीठातून आले, रेखाची मॅडम. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “टेकाडाच्या म्याडम व्हय?”

मला कळलं नाही. तिनं हात करून गावाबाहेर दाखवलं. “तुमच्याशी बोलाया तिकडं जायची ना ती. उन्हातान्हात, पावसात. लेकानं माझ्या तिला वर पत्र्याचं छप्पर करून दिलं. आता समदं गाव म्याडमचं टेकाडच म्हणतंय त्याला. आता पोरांची शिकवणी घेती तिथं. जावा, तिथंच असंल.” मी विचारलं, घरात नेट येत नाही का हो? म्हातारी हसली. “घरात लई चांगलं येतंय. नातू दिसभर बघत बसतो. तुमचा फोन आला की मात्र कुठं जायचं, द्येवाला ठाऊक.”

मी माझा फोन बघितला. नेटवर्कच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.

टेकाड चढायला मला बराच वेळ लागला. माझे गुडघे कसे आहेत ते बहिणीला विचारा. वर चार खांबांवर पत्रा, खाली बसायला एक सपाट दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. शिकवणी नुकतीच सुटली होती, पोरं धावत खाली निघाली होती. रेखा दप्तरं राहिली का बघत होती. मला बघून तिनं पदर सावरला, पाया पडायला वाकली. मी तिला पडू दिलं नाही. तिनं मला दगडावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

वाटेत मी वाक्यं तयार केली होती. चांगली, स्वच्छ वाक्यं. रेखा, तुझ्या गावाचं नेटवर्क कधीच — इथपर्यंत आले आणि थांबले. तोंड उघडं राहिलं. एक हात वर होता, तो तसाच राहिला. या वेळी मी काही करत नव्हते हो. ते आपोआप झालं.

रेखा माझ्याकडे बघत होती. समितीपुढं बघितलं होतं तसंच.

“अशाच थांबायच्या तुम्ही, म्याडम,” ती म्हणाली. “अगदी अशाच. आन् मागं कॅलेंडर हलत असायचं.”

वर पंखा फिरत असायचा. मी पापणी हलू दिली नाही, बोट हलू दिलं नाही, आणि माझ्या मागे भिंतीवर कॅलेंडर फडफडत होतं. दर शनिवारी. तिनं ते कधीपासून बघितलं होतं? विचारलं मी. ती म्हणाली, आधी खरंच नेट जातंय असं वाटायचं. मग इथं टेकाडावर यायला लागल्यावर एकदा दिसलं. मग दर वेळी दिसायला लागलं.

तरी तू चढून येत राहिलीस?

“मला वाटायचं, कवा तरी बोलताल.”

मग मी सगळं सांगितलं. जे तिला माहीत होतं तेही, आणि जे नव्हतं तेही — बहिणीशी मारलेल्या गप्पा, समितीतलं वाक्य, सुटल्यासारखं वाटलं ते. सोमवारी काय करणार आहे ते सांगितलं, आणि त्यानं तिला काही परत मिळेलच असं नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. तिनं मला माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

माझं संपलं तेव्हा तिनं नीट मांडी घातली. मग म्हणाली, “दुसरं प्रकरण वाचलं का?”

वाचलं, म्हटलं.

“कसंय?”

मी पहिल्या पानापासून सांगायला सुरुवात केली. कुठं पक्कं आहे ते सांगितलं, तिसऱ्या भागात तिचं कुठं चुकलंय ते सांगितलं, समासातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. ऊन खाली उतरत गेलं. ती समोर मांडी घालून बसली होती, हनुवटीखाली हात घेऊन, आणि इतक्या वेळात तिनं एकदाही विचारलं नाही, म्याडम, आवाज येतो का.